हंगामाचा शेवटचा दिवस

व्हर्लिन म्हणतो, पक्षी नको शोधूस, आधी पाणी शोध.
सगळं गोठलंय. फक्त वीजकेंद्राखाली
प्लॅट नदी अजून वाफाळतेय.
रात्री तिथेच असतात.

उणे एकोणीस.
एवढ्या गारठ्यात हंसही अंथरूण सोडत नाहीत,
उन्हं कलल्यावर येतात कापलेल्या मक्यात.
आम्ही मात्र पहाटेपासून चादरींखाली आडवे,
पांढऱ्या, त्याच्या बायकोच्या,
कडेला अजून निळी वेल.

नियम त्याला तोंडपाठ:
बंदुकीत तीनच काडतुसं,
शिसं नाही, पोलादी छर्रे,
मावळतीनंतर बार नाही.
आजची मावळती पाच एकेचाळीस.
"इथे कोण बघतंय?" मी.
"मी आहे की," तो.

आले.
पाय सोडून, पंख वाकवून,
इतके खाली
की पिसांतून वारा फाटताना ऐकू आला.
व्हर्लिनने हातमोजा मागे सारून घड्याळ पाहिलं.
पाच चव्वेचाळीस.
काडतुसं एकेक काढून खिशात टाकली,
खिशात ती किणकिणली.

एक हंस आमच्या प्लास्टिकच्या हंसापाशी उतरला
आणि मान वाकडी करून
बराच वेळ त्याला काही विचारत राहिला.
आम्हाला उठताही येईना.