ओला दोर

दोर विकण्याआधी रात्रभर
पिंपात बुडवून ठेवायचा,
सकाळी वरचा थर उन्हात धरायचा,
हाताला कोरडा लागला की काट्यावर.
दारूखान्यातल्या गाळ्यात
एलिया उजागरे शेठनी मला शिकवलेला
हा पहिला धडा.
दुसरा : रविवारी दुकान बंद.

बत्तीस वर्षं मी त्यांच्या वह्या लिहिल्या.
जहाजांना लागतं ते सगळं,
रंग, ग्रीस, बिस्किटं, ताडपत्री, दोर.
शेठ भाव करायला बसले
की ग्रीक कप्तानसुद्धा घाम पुसायचा.

सहासष्टाव्या वर्षी गाळा विकला.
मुलगा मेलबर्नहून म्हणाला, इकडे या.
शेठनी एक खाकी पिशवी घेतली,
लोकरीच्या टोप्या, मोजे, सिमकार्डं,
लिंबाचं लोणचं,
पाच भाषांतली पातळ पुस्तकं,
आणि गोदीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.
पूर्वी सलाम ठोकणारा शिपाई
आता पास मागत होता.
मला वाटलं, म्हाताऱ्यानं नवा धंदा काढला.

प्रार्थना त्यांना जमत नाही, खरं सांगतो.
"हे प्रभो" म्हणतात आणि अडखळतात.
समोरचा खलाशी, ब्रह्मदेशचा असो
की बाणकोटचा,
डोळे मिटून वाट बघतो.
मग शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात,
घरी फोन केलास का?
बहुतेकांचं आमेन तिथेच होतं.

मग ते जहाज.
बंदराबाहेर नांगरून टाकलेलं, मालक फरार,
नऊ महिने पगार नाही, अकरा माणसं,
टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं.
डेकवर दोराचं एक जुनं वेटोळं पडलं होतं.
शेठनी उचललं, तळव्यावर तोललं,
पीळ बघितला.
आमचाच माल.

त्या रात्री काळाचौकीला माझ्या खोलीवर आले,
चार जिने, धापा टाकत.
"केळुसकर, जुन्या वह्या आहेत का रे?"
होत्या. माळ्यावर, वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या.
बायकोनं तीनदा चहा केला.
दोर इतका, त्यात पाणी शेकडा आठ,
पावसाळ्यात थोडं कमी, तेव्हा हवाच मदत करायची.
पहाटे आकडा आला :
सतरा टन.

"सतरा टन पाणी विकलं आपण," शेठ म्हणाले,
"दोराच्या भावानं."
"आपण" म्हणाले. मी गप्प बसलो.

परत करायचं तर कुणाला?
कंपन्या बुडाल्या, जहाजं भंगारात गेली,
दोनचार तर आमच्याच गल्लीमागे तुटली.
पाद्रीसाहेब म्हणाले, देवळाच्या छपराला द्या,
चेक चालेल.
शेठ म्हणाले, पाणी घेतलंय, पाणीच देणार.
चौपट.
धंद्यात कधी न दिलेला दर.

तेव्हापासून दर गुरुवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच,
वीस लिटरचे तीस कॅन, पिशवी, शेठ आणि मी.
मी देवळात जातो तो आंगणेवाडीला, वर्षातून एकदा.
शेठनी मला कधी पुस्तक दिलं नाही.
विचारलं तर म्हणाले,
"तुला माझा सगळा हिशेब माहीत आहे.
तुला काय तोंडानं देऊ?"

आता गुडघे गेले. शिडी जमत नाही.
कॅनबरोबर जाळ्यात बसवून
खलाशी त्यांना मालासारखे वर ओढतात.
मी खालून दोराकडे बघत राहतो,
करकरतो का, ओला आहे का.
जुनी सवय. आता कारण वेगळं.

वर पोचले की कठड्यावरून वाकून ओरडतात,
"केळुसकर, किती राहिलं?"
मी वही उघडतो.
चौपट फिटून चार वर्षं होत आली,
ती ओळ मी स्वतः लाल शाईनं मारली आहे.
वाऱ्यावर पान धरून ठेवतो
आणि बत्तीस वर्षांच्या सरावानं
डोळा न लववता सांगतो,
"बरंच बाकी आहे, शेठ."