विरळ वीण

छत्र्या दुरुस्त करणारा रूमल्या
या वेळी छत्री उलटी धरून बसला होता.

सावद्याच्या केळी-रोपवाटिकेतली फाटकी शेडनेट,
ठिबकच्या नळीचे तुकडे, आठ काड्या,
तळाशी सलाईनची बाटली.
खर्च एकशे सत्त्याऐंशी. कांद्याच्या काट्यावर
सव्वा किलो. मिटली की काखेत मावते.

तोरणमाळला, सीताखाईच्या काठावर
रात्रभर धुकं तिला वळसा घालून गेलं,
जीप आमच्या पाड्याला घालते तसा.
सकाळी बाटलीत एक मुंगळा. कोरडा.

दुरपी शेळ्या सोडायला आली होती.
म्हणाली, कोळ्याला विचारा ना,
त्यानं बघा किती मोकळं सोडलंय.

मग दिवसभर आम्ही
एकाआड एक धागा उसवत बसलो.
जे अडवायचं त्याला आधी वाट द्यायची –
हे वहीत कुठे लिहावं कळेना,
म्हणून खर्चाच्या खाली लिहिलं.

दुसऱ्या पहाटे काड्यांवरून
थेंब. मग बराच वेळ काही नाही.
मग थेंबामागे थेंब.

अडीच पेले.
एक दुरपीला, एक आम्हा दोघांत.
चव थोडी प्लास्टिकची.
उरलेला अर्धा मोजायचा होता,
तो शेळीनं
नोंद व्हायच्या आतच.