दोन क्रेडिट

माझ्या खुर्चीतून दिसतं ते एवढंच:
उजवीकडे बंद पडलेलं झेरॉक्स मशीन,
डावीकडे कुणीच पाणी न घातलेला मनीप्लांट,
आणि मधे काचेला कापलेलं अर्धगोल भोक,
ज्यातून ऐरोलीची पोरं हात आत घालतात
मोबाईलसकट.

"मॅडम, बघा ना, अजून अठ्ठ्याण्णवच दाखवतंय."

पूर्वी गुणपत्रिका यायची, घडी होऊन पिशवीत जायची,
वर्षातून दोनदा काय ते रडणं-हसणं.
आता पट्टी आली.
आडवी, राखाडी, डावीकडून हिरवी होत जाणारी,
शेवाळासारखी सावकाश.
पोरं ती रात्री दोनला उघडतात,
रबाळ्याच्या कंपनीत चहाच्या सुट्टीत उघडतात,
दुखऱ्या दाताकडे जीभ जावी
तसं बोट जातं त्यांचं.
त्यांना वाटतं पट्टी आपोआप सरकते.
तिला मी सरकवते.
डोळ्यांत थेंब घालून, यादीवर फूटपट्टी धरून,
एकेका पोराचा एकेक विषय.
कधी सर्व्हर झोपलेला असतो.
कधी मी डबा खात असते.

एकदा मी माझाच जुना नंबर टाकून पाहिला होता.
शहाण्णव साल, दुसरं वर्ष, कला शाखा.
नोंद आढळली नाही.
बरोबरच आहे.
मग मी चहा घेतला.

तर हा भूषण मढवी, गोठिवलीचा.
कॉस्टिंगची केटी चौथ्या फटक्यात सुटली
तेव्हा शिपायांसकट सगळ्या ऑफिसला वडे आणलेन्.
आता राहिले दोन क्रेडिट.
पर्यावरण प्रकल्प. विषय: आमच्या गावातला तलाव.
दिला होता म्हणतो, हाताने लिहून, स्पायरल बांधून,
परुळेकर बाईंच्या हातात.
परुळेकर बाई दिवाळीनंतर लेकीकडे कॅनडाला गेल्या
आणि कपाटाची किल्ली, बहुतेक, त्यांच्याबरोबर.

"बापूस रोज विचारतो, मॅडम, किती भरली?
जशी काय गच्चीवरची टाकीच."

शनिवारी, ऑफिस सुटल्यावर,
गवस काकांनी कपाट फोडलं नाही,
नुसतं दार जरा वर उचललं.
सवय असल्यासारखं ते उघडलं.
आत झुरळांच्या गोळ्या, एक छत्री, प्रकल्पांची चळत.
खालून तिसरा: मढवी भूषण धर्मा.

मी उभ्या उभ्या वाचला.
स्केचपेनचा नकाशा. चिंचेचं झाड तपकिरी, गावदेवी लाल.
"या तलावात माझी आत्या पोहायला शिकली.
मला पोहता येत नाही."
पुढे तक्ता: कोणत्या साली किती गाड्या राबीट पडलं,
कुणाकुणाला विचारून भरलेला, काही रकाने रिकामे.
शेवटी, निष्कर्षाच्या खाली दोनदा रेघ मारून:
"तलाव तीन चतुर्थांश भरला आहे.
पाण्याने नाही."

गवस काका म्हणाले, मॅडम, कुलूप लावू का?

आतल्या पानावर बाईंचं पेन्सिलीतलं अक्षर:
पंचवीसपैकी एकोणीस,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
सही नाही.

मी बाईंना अकरा वर्षं ओळखते.
त्या सगळ्याच पोरांपुढे प्रश्नचिन्ह काढायच्या
आणि नंतर सही करताना स्वतःच खोडायच्या.
हे नियमात कुठे लिहिलेलं नाही.
खोडरबर माझ्या खणात होतं,
शाळेतलं असतं तसं, एका टोकाला निळं.

सोमवारी विभागप्रमुखांनी न बघता सही केली.
मी एकोणीस टाकले, दोनदा तपासले, जतन केलं.
पट्टी लगेच हलत नाही. चोवीस तास लागतात तिला.
हे मी भूषणला फोन करून सांगितलं नाही,
त्याचं त्याला दिसू दे.

आत्ता गोठिवलीत कुणीतरी
लोखंडी शिडीवरून वर चढत असेल,
झाकण बाजूला सारून
आत डोकावत असेल.