खवला

गुरं मेली त्या वर्षी माझा भाऊ लोकुरा
ओमो नदीच्या मुखाकडे निघून गेला.
एक पोखरलेला ओंडका, एक उसनं जाळं.
त्या दिवसापासून आईनं त्याचं नाव टाकलं.
"ते लोक" म्हणायची,
तो एकटाच गेला होता तरी.

आमच्यात हात धुतात ते गोमूत्रानं.
पहाटे गाय मुतायला लागली की ओंजळ पुढे,
कोपरापर्यंत ऊन ऊन ओघळू द्यायचं.
लग्नाच्या मुलीनं मानेला, खांद्यांना तूप चोळायचं;
उन्हात ते वितळून आंबुस झालं
की पोरं बघत राहतात वाऱ्याच्या दिशेनं.
शहरातली नर्स आमच्या झोपडीत
तोंडानं श्वास घेते.
तिच्या अंगाला फुलांच्या साबणाचा वास,
त्यानं वासरं बुजतात.

मासा ओवळा का, मी एकदा विचारलं.
आई म्हणाली, गाय पावसाची वाट बघते.
पाऊस आला तर गवत, गवत आलं तर दूध,
दूध आलं तर लग्नं.
मासा कशाची वाट बघतो?
दुष्काळात तसाच, सुकाळात तसाच.
ज्याला ऋतू नाही
त्याचा वास कधी संपायचा?

तीन वर्षांनी लोकुरा आला.
मासे विकून घेतलेली तांबडी कालवड,
अंगभर शेणाची राख, केसांत तूप.
काट्यांच्या कुंपणाबाहेरच थांबला.

आईला आता दिसत नाही.
तिनं नाक वर केलं.
"कालवड आहे," म्हणाली. "पहिलटकरीण व्हायची अजून.
बरोबर काय आणलंय?"

मी तोंड उघडलं. त्यानं मान हलवली, नको.

कुंपणावरून वाकून आई
कालवडीच्या नाकपुड्यांशी बराच वेळ राहिली.
मग फटीतून चाचपत त्याचा हात आत ओढला,
हुंगला,
एकेक बोट दाबत गेली.
अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी तिला लागलं,
भाकरीच्या कोंड्याएवढं, गुळगुळीत.

तिचं तोंड वाकडं झालं.
हात सोडला नाही.

"ही मुतेपर्यंत थांब," म्हणाली,
"तोवर तिथंच. बाहेर."
आणि खाली बसली कुंपणाच्या अलीकडे,
दोघांचे हात काट्यांत.

कालवडीला घाई नव्हती.