चाळीस सूत

जकार्डच्या एका फाटक्या पुठ्ठ्यावर, भोकं चुकवत,
नानांनी पेन्सिलीनं गाडी काढलीय,
एकदा वरून, एकदा बाजूनं.
लांबी चाळीस सूत. दोन चाकांत चोवीस.
फिटरचं सूत हे, इंचाचा आठवा भाग.
आमच्याकडे सुतं दोनच,
एकावर पोट भरायचं, दुसऱ्यानं माप घ्यायचं.

गाडी केर्सीची. स्पिनिंग मास्तरांचा मुलगा,
मिलच्या बंगल्यात राहायचा.
विलायतेहून आलेली, लाल, पोटाखाली एक जीभ,
ती खाचेत घातली की वीज चाटत पळायची.
ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून नानांना बोलावणं,
हत्यारांची पिशवी धरायला मी.
जोडून झाल्यावर तपासायला नानांनी एक फेरी मारली.
वळणावर गाडीनं शेपूट हलवलं,
पण खाच सोडली नाही.
मी पिशवी धरून उभा.
तपासायला दुसरी फेरी लागत नाही.

त्या रात्री हा पुठ्ठा. म्हणाले,
गड्ड्याच्या आत करून देतो तुला.
कुठल्या गड्ड्याच्या, ते मी विचारलं नाही.

आता माझं वय त्रेसष्ट.
अशोक चौकातल्या मागच्या खोलीत, पत्रा तापायच्या आत,
सकाळी सहा ते नऊ मी गाडी करतो.
बॉडीला धोट्याचं लाकूड. टणक.
ब्लेड दोनदा अंगठ्यात गेलं.
धोट्याला जाणं ठाऊक आणि परत येणं ठाऊक,
गोल फिरणं त्यानं कधी ऐकलेलं नाही.
सांगाडा पितळी पत्र्याचा, डाग देऊन.
मोटर टेपरेकॉर्डरमधली, तार नव्याने भरायची,
एकेका दात्याला दोनशे दहा वेढे.
एकशे चाळीसला दारात कडक भाकरीवाली.
"किती देऊ?" मी म्हणालो, "एकशे चाळीस."
मग पुन्हा पहिल्यापासून.
टायर हवाई चपलेच्या तळव्यातून.
केबल टीव्हीच्या वायरीवरची जाळी उसवून
पोटाखालच्या जिभेला दोन पट्ट्या विणल्या.
बायको दारातून बघत होती. म्हणाली,
पोराला शिकवलं, नोकरीला लावलं,
शेवटी बसलासच का मागाला?

काच राहिली होती.
प्लास्टिक बाजारात मिळतं, पाच रुपयांत, हवं तसं.
पण कपाटात तो पिवळा लिफाफा होता,
येलदंडी नरसय्या, वय एक्कावन्न, छाती.
त्या फोटोत कापूस दिसत नाही,
डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला तरी मला दिसला नव्हता.
रंगारी मित्राकडून कॉस्टिक आणलं,
फिल्म बुडवली, चमच्यानं हलवली.
आधी फासळ्या गेल्या. मग मधली ती पांढरी सावली.
नाव सगळ्यात शेवटी.
हात धुतले. पुन्हा धुतले.

वाळल्यावर फिल्म स्वच्छ, पण किंचित निळी.
केर्सीच्या गाडीची काच बिनरंगी होती,
मला नक्की आठवतं.
ही एवढी चूक मी ठेवलीय.

काल शेजारचा विनित आला. "रिमोट कुठाय, आजोबा?"
म्हटलं, वायर आहे बे, धर. नाही, थांब. आधी मी.
प्लायवर रंध्यानं पाडलेली खाच,
दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी. बटण दाबलं.
गाडी निघाली, सरळ, छान,
आणि पहिल्याच वळणावर उडाली ती थेट पलंगाखाली.
विनित हसला. मीही.
पोटावर झोपून हात आत घातला,
धूळ, एक जुना बॉबिन, मग गाडी.
काच शाबूत.

तिसऱ्यांदा उडाली तेव्हा नाना आठवले,
म्हणजे नाना नाही, त्यांचा अंगठा.
वळण यायच्या आधीच तो सैल पडला होता,
मागाचा आवाज बदलला की पडायचा तसा,
दोरा तुटण्याच्या एक क्षण आधी.
पुठ्ठ्यावर हे कुठेच लिहिलेलं नाही.
तिथं फक्त चाळीस, आणि चोवीस.

विनित म्हणाला, आता मी.
मी म्हटलं, अजून एकदा.
तपासायचं आहे.