चौकटी कंस

स्ट्रॉन्शिअनच्या शाळेत, प्रयोगशाळेत
बाकं तीन आणि मुलं सहा.
सकाळी पहिले तिघे येतात
ते तीन बाकांवर एकेकटे बसतात,
दप्तर, डबा, ओला कोट पसरून.
चौथा आला की कुणीतरी कुरकुरत सरकतं.
हे मी त्यांना शिकवलेलं नाही.
2p मधले इलेक्ट्रॉनही असेच बसतात, एवढंच म्हणाले,
तर इशबेल म्हणाली,
मग त्यांनाही एकमेकांच्या मोज्यांचा वास येत असणार.

गुरुवारी वारा सुटला. खाडीकाठच्या रस्त्यावर झाड पडलं,
किल्खोअनची बस आलीच नाही.
तीन बाकं, तिघं.
मी फळ्यावर लिहिलं: नायट्रोजन.
कुणी हसलं नाही. मी हसले.

या गावावरून एका मूलद्रव्याचं नाव पडलं.
वरच्या डोंगरात, शिशाच्या जुन्या खाणीत
सापडलेल्या दगडातलं,
क्रमांक अडतीस.
त्याचा क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरला की लाल,
गुंजेसारखा लाल,
आणि तेवढा वेळ आम्ही सातही जण
एकाच गावचे दिसतो.

मांडणी लिहा म्हटलं. पुस्तकात जवळची वाट दिली आहे:
आतले छत्तीस चौकटी कंसात टाका,
त्यांच्या जागी एकटा क्रिप्टॉन लिहा,
बाहेर उरतात दोन. 5s².
देणं, जोडणं, पाण्यात पडलं की फसफसणं,
सगळं ते दोघंच बघतात.
पाच जणांनी तसं लिहिलं.

फर्ग्युस मॅकफेल पहिल्यापासून निघाला.
1s² 2s² 2p⁶ 3s² 3p⁶
आणि अडला.
चौथ्याचा s आधी, तिसऱ्याचा d मागून, असं का, मिस?
पंगतीत पाहुण्याला आधी वाढतात,
घरचे मागून बसतात रे,
हे मनात, मराठीत.
फळ्यावर ऊर्जेच्या पायऱ्या काढल्या.
तो लिहीत राहिला. ओळ संपली, समास संपला,
शेवटचं 5s² बाकाच्या लाकडावर.
कंस का नाही वापरलास?
"कोंडायचं कशाला? ते आहेतच की आत."
पूर्ण गुण दिले. बाक पुसायला लावला.

रात्री फॉर्म भरायला बसले.
नोकरी पक्की व्हायची तर
गेल्या पाच वर्षांतले पत्ते द्या.
दोनच निघाले:
इनव्हर्नेसची माळ्यावरची खोली
आणि हे घर, ज्याच्या मागे रात्रभर मेंढ्या खोकतात.
बाहेरचे दोन. झालं.
बाकी कंसात.
क्रिप्टॉन या शब्दाचा अर्थच मुळी लपलेला.

पेन थांबेना. समासात उतरत गेले:
मिरज, वसतिगृह, खोली अकरा, खिडकीला पुठ्ठा.
इचलकरंजी, मागांच्या खडखडाटात
ओरडून पाठ केलेली आवर्तसारणी.
गडहिंग्लज, पिठाच्या गिरणीमागे,
जिथं आम्हा सगळ्यांचेच केस पांढरे.
आणि अगदी आत, केंद्राला चिकटून,
कुठल्याही ज्योतीला न बधणारं:
आजरा. एक खोली, एक खाट,
नलू आणि मी.
दोघींनी मावायचं तर नियम एकच,
हिचं डोकं इकडे, तिचं तिकडे.
एक बाण वर, एक बाण खाली.

फॉर्म कचेरीतून परत आला.
समासावर पेन्सिलीची नम्र रेघ:
याची आवश्यकता नाही.
खरंच नाही.
दुसरा फॉर्म भरला, दोन पत्ते, सही.

फक्त थंडीच्या रात्री झोपेत पाय लांब केले
की अजून कधी कधी
तिची टाच लागते.