पू नाही

भद्रावती पेठेतल्या श्रीलता म्याकलचं बाळ
एकतिसाव्या दिवशीही नाळ धरून आहे.
बेंबीभोवती लाल. पू नाही.
"पू न्हाई म्हंजे बरंच की ओ म्याडम?"
विड्यांच्या तंबाखूचा वास लागलेली तिची बोटं
दुपट्याचा काठ सोडत नाहीत.

सोलापूर सिव्हिलच्या या टेबलावर
मी काचपट्टी दुसऱ्यांदा लावते.
पांढऱ्या पेशी: साठ हजार.
सगळ्या निघाल्या, जखमेशी आल्या,
वाहून गेल्या.
रक्तवाहिनीची भिंत धरायला
पेशीच्या अंगावर लागतं ते एक प्रथिन,
आकड्यासारखं,
नसावं बहुधा.
नमुना उद्या पुण्याला.

दोरा नसला की विडी कशी उलगडते
हे मी तिला काय सांगणार.

"बसा थोडं," म्हणते.
पंखा तिच्याकडे वळवते.